क्रॉस स्लाइडवर फिक्श्चर प्लेट बसवली आणि स्लाइडच जड झाली

संथफीड | शनिवार, रात्री १०.१५

मंडळी, तीन रविवार खपून केलेलं काम आता माझ्याच अंगावर आलंय, म्हणून हा धागा.

माझा लेथ छोटा आहे. बेडपासून सेंटरची उंची ११० मिमी, क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या, पाठीवरून मोजली तर ६८. स्लाइडला टी-स्लॉट (बोल्ट अडकवायच्या टी आकाराच्या खाचा) नाहीत. कंपाउंडसाठी (वर बसणारी, टूल धरणारी छोटी फिरती स्लाइड) मधोमध एक गोल खाच आणि तिच्यात फिरणारे दोन टी-बोल्ट, एवढंच. मला एका पंपाची बॉडी बोअर करायची आहे. आकार असा वेडावाकडा की फोर-जॉ चकमध्ये धरली तर अर्धी बाहेर लोंबते आणि फिरायला लागली की लेथ टेबलासकट नाचतो. म्हणून जॉब फिरवायचाच नाही असं ठरवलं. जॉब क्रॉस स्लाइडवर बांधायचा आणि बोरिंग बार दोन सेंटरच्या मध्ये फिरवायचा. शिवाय पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) माझा कंपाउंड कायम चॅटर मारतो, म्हणजे थरथरतो. तो काढून टूलपोस्ट थेट प्लेटवर बसवला तर तेही दुखणं जाईल, असा हिशोब.

प्लेट केली १८० × १३० × २०. एमएसची (साध्या पोलादाची) २५ जाडीची ब्राइट पट्टी होती. वरची बाजू ओळखीच्या मिलिंगवर पाच मिमी मारून घेतली. खालची मुळातच चकचकीत होती, तिला हात लावला नाही. वर २५-२५ मिमीवर एम८ आट्यांच्या भोकांची जाळी. बांधायला सहा ॲलन बोल्ट, डोकी काउंटरबोरमध्ये बुडवलेली. क्रॉस स्लाइड उतरवून तिच्यात सहा भोकं पाडली: ६.८ चं ड्रिल, मग एम८ चा टॅप. धडधाकट स्लाइडमध्ये पहिलं भोक पाडताना हात थरथरत होता, हे कबूल करतो.

बोल्ट बोटांनी फिरवून लावले तोवर स्लाइड मस्त चालत होती. आवळले आणि हँडल दोन्ही हातांनी फिरवायची वेळ आली. जिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) सैल केली की चालते, पण मग प्लेटचं टोक धरून हलवलं तर टकटक वाजतं. नेमकं चुकलं कुठे?

आटेपाडू | शनिवार, रात्री १०.४०

पहिला संशय बोल्टच्या लांबीवर. भोकं आरपार गेलीत का? बोल्टचं टोक खाली जिबवर किंवा क्रॉस फीडच्या नटवर दाबत असेल तर अगदी असंच होतं. माझ्याकडे एकदा झालंय. दोन दिवस जिबला शिव्या घातल्या आणि निघाला पाच मिमी लांब बोल्ट.

संथफीड | शनिवार, रात्री १०.५२

नाही हो, आरपार नाहीत. स्लाइड २४ जाड आहे, भोक १८ खोल, आटे १४ पर्यंत. बोल्ट १२ आत जातो. तळाला टेकत नाही, वायर घालून मोजलंय.

नवाभिडू | शनिवार, रात्री ११.०५

एक बाळबोध प्रश्न. कंपाउंडवरच जॉब बांधून चालणार नाही का? एवढी प्लेट कशाला?

आटेपाडू | शनिवार, रात्री ११.२०

कंपाउंड म्हणजे सांध्यावर सांधा. त्याला स्वतःची डोव्हटेल (तिरक्या कडांची सरकती खाच), स्वतःची जिब, स्वतःचा स्क्रू, खाली फिरता तळ. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा प्ले. त्यात वरची जागा तळहाताएवढी. तो काढला की दोन सांधे कमी होतात आणि उंचीही मोकळी होते. पार्टिंगला तर फरक कानाला कळतो.

कातारी | रविवार, सकाळी ६.३०

संथफीड, आवळल्यावर स्लाइड जड होते म्हणता. सैल नाही होत. मग प्लेट खालून पोकळ आहे. न बघता सांगतो.

कारण समजून घ्या. क्रॉस स्लाइड तुम्हाला बिडाचा ठोकळा वाटते, पण आडवा छेद डोळ्यासमोर आणा. वर पाठ, दोन बाजूंना दोन पाय, पायांच्या आतल्या अंगाला डोव्हटेल. पालथं घातलेलं खोकं. खालून पोकळ असलेली प्लेट या खोक्याच्या फक्त दोन कडांवर टेकते. बोल्ट कडांच्या आत आहेत. आवळले की पाठ मधून वर ओढली जाते आणि पाय खालून आत वळतात. पाय आत म्हणजे डोव्हटेल आवळली. प्लेटला खालून पोट आलं असतं तर उलट झालं असतं. प्लेट मधे टेकली असती, बोल्टनी कडा वर ओढल्या असत्या, पाय फाकले असते आणि स्लाइड सैल पडली असती. हा झाला आडवा हिशोब. लांबीत वाक आला तर मात्र पोट असो की पोकळ, जडच होणार. खालची डोव्हटेल सरळ आणि वरची वाकडी, कुठेतरी धरणारच.

प्लेट २० मिमी स्टीलची. स्टील बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ. दोघांच्या कुस्तीत कोण वाकणार? लोक प्लेट जाड करतात आणि निर्धास्त होतात. प्लेट जितकी जाड तितकी ती स्लाइडला जास्त वाकवते.

खात्री करा. मॅग्नेटिक बेस सॅडलवर, म्हणजे क्रॉस स्लाइडच्या खालच्या भागावर, ठेवा. डायलची सुई स्लाइडच्या बाजूच्या पायाला, जमेल तितकी खाली, आडवी टेकवा. सगळे बोल्ट सैल, डायल शून्यावर. आता एकेक बोल्ट आवळा आणि आकडा लिहून ठेवा. मग प्लेट उतरवा, खाली निळा (टेकणाऱ्या जागा दाखवणारा रंग) लावा, नुसती ठेवून किंचित सरकवा आणि डाग कुठे उठतो बघा. डोळ्यांनी काही दिसणार नाही.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ९.१०

कातारीकाका, दंडवत. पाय आत वळतात हे कागदावर काढून बघितलं तेव्हा पटलं.

संथफीड, एक भर. आटे पाडलेल्या भोकांवरून नखं फिरवा. टॅप मारताना पहिला आटा वरच्या पृष्ठभागाला चुणी पाडून उचलतो. बोल्ट आवळला की आणखी उचलतो. प्लेट त्या काठावर टेकते. सहा भोकं, सहा वेगवेगळ्या उंचीचे काठ, म्हणजे पीळ आलाच. टॅपनंतर प्रत्येक भोकाला आट्याच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा मोठा काउंटरसिंक द्या आणि वरून तेलदगड फिरवा.

चौकट | रविवार, दुपारी १२.३०

ब्राइट पट्टीची एक बाजू मारून दुसरी तशीच ठेवलीत, तिथेच धनुष्य झालं. ओढून काढलेल्या पट्टीच्या कातडीत ताण कोंडलेला असतो. दोन्ही बाजूंना सारखा असतो तोवर पट्टी सरळ दिसते. तुम्ही वरची पाच मिमी काढली, आता खालची कातडी एकटीच ओढतेय. ती आक्रसली की खालची बाजू पोकळ. काकांचं निदान याला जुळतंच.

माझी पसंती बिडाच्या जुन्या, वापरलेल्या तुकड्याला. ताण कमी, कंप पितो, आटेही बरे पडतात. ब्राइट घ्यायचीच तर दोन्ही बाजूंनी सारखी मारायची, थोडी थोडी, उलटसुलट करत.

संथफीड | रविवार, रात्री ९.४५

सुई लावली. आकडे बघून हसू आणि रडू एकदम आलं.

सगळे सैल: ०. पहिला आणि दुसरा बोल्ट आवळून फरक जवळजवळ नाही. तिसरा आवळला तर ०.०१ आत. चौथा ०.०२. पाचवा आवळताना सुई उलटी, ०.०१ बाहेर आली! सहाव्याला एकदम ०.०३ आत. एवढा भक्कम दिसणारा बिडाचा तुकडा ॲलन की फिरवली की श्वास घेतल्यासारखा हलतो, हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग प्लेट सरफेस प्लेटवर नेली. खालची बाजू १३० च्या रुंदीत मधे ०.०७ पोकळ. निळा फक्त दोन लांब कडांना. आणि पाचव्या भोकाचा काठ नखाला चांगला अडकतो. आटेपाडू, तो टॅप वाकडा सुरू झाला होता, मी नंतर सरळ केला. तिथलंच पाप असणार.

चौकटताई, निदान शंभर टक्के. आता उपाय सांगा. मिलिंगवाला मित्र महिनाभर नाही.

आटेपाडू | रविवार, रात्री १०.००

लेथ आहे ना घरात! फेसप्लेटवर (चकच्या जागी बसणारी फिरती तबकडी) बांध आणि फेसिंग मार, म्हणजे तोंड सपाट कर.

मोजपट्टी | रविवार, रात्री १०.१८

थांबा. १८० × १३० चा कर्ण २२२ येतो. सेंटरची उंची ११०, म्हणजे बेडवर २२० फिरतं. कोपरे बेडवर आपटतील.

आटेपाडू | रविवार, रात्री १०.२१

एक मिमीने!

मोजपट्टी | रविवार, रात्री १०.३३

बेडला एक मिमी पुरेसा आहे. 🙂 चारही कोपरे ४५ अंशात १० मिमी कापा. मग सर्वांत लांबचा बिंदू मध्यापासून १०५.५ वर येतो, बेडपासून साडेचार मिमी मोकळं. तरीही चालू करायच्या आधी फेसप्लेट हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. टूल सॅडलच्या पुढे बाहेर काढून ठेवा, कारण सॅडलवर एवढा व्यास मावणार नाही.

कातारी | सोमवार, सकाळी ६.१५

फेसिंगचा सल्ला बरोबर, पण पकड चुकली तर पुन्हा धनुष्य. पोकळ प्लेट फेसप्लेटवर आवळून सपाट केलीत, सरळ फेसिंग मारलंत, तरी काढल्यावर ती परत पूर्वीच्या वाकात जाते. आवळताना वाकवून घेतलेली असते ना!

म्हणून प्लेटच्या पाठीला तीन ठिकाणी टेकू द्या. तीन सारख्या पितळी चकत्या, चकत्यांच्या बरोबर मधून बोल्ट. बोल्ट फेसप्लेटच्या मागून घाला, तुमच्या जाळीतल्या आट्यांत. म्हणजे समोर काही येणार नाही. तीन टेकूंवर प्लेटला पीळ बसत नाही, बोल्ट टेकूवरच असल्याने वाकही नाही. काप पाव मिमीच्या आत. कोपऱ्यांवर टूल हवेतून लोखंडात दर फेरीला आपटणार, वेग शंभर आरपीएमच्या खाली. अर्धं काम झालं की बोल्ट सैल करा, प्लेटला श्वास घेऊ द्या, पुन्हा हलकेच आवळा आणि शेवटचा काप घ्या.

आणि घाबरू नका, लेथ फेसिंगला बरोबर सपाट मारत नाही, किंचित पोकळ मारतो. तसाच बनवतात. जर्मन अभियंते श्लेझिंगर यांनी १९२७ साली मशीन तपासायचे नियम मांडले, तेव्हापासून ३०० मिमी व्यासाला ०.०२ पर्यंत पोकळ चालतं, पोट मात्र अजिबात नाही. तुमच्या प्लेटला जास्तीत जास्त ०.०१४ येईल. तेवढं नंतर निळा लावून स्क्रेपरने काढा, किंवा सरळ मधला भाग अर्धा मिमी खोल करा आणि बोल्टभोवती टेकायला जागा ठेवा. जिथे बोल्ट तिथेच टेकू. बाकी ठिकाणी प्लेट हवेत असली तर बिघडत नाही.

खटपट्या | सोमवार, दुपारी १.४०

एवढी मेहनत कशाला? प्लेटला खालून मेण लावा, म्हणजे ती चिकटणार नाही, आणि स्लाइडवर धातूची पूड भरलेला इपॉक्सी पसरा. प्लेट नुसती ठेवा, बोल्ट बोटाने. दुसऱ्या दिवशी आवळा. इपॉक्सीने दोघांच्या मधला प्रत्येक खड्डा भरलेला असतो. कुणालाच वाकायची गरज नाही.

कातारी | सोमवार, सायंकाळी ७.००

हसणार होतो, पण मोठ्या मशीनच्या स्लाइडसुद्धा अशा ओतीव मालावर बसवतात, त्यामुळे गप्प बसतो. फक्त आधी काठ साफ करा. इपॉक्सीखाली उचललेला आटा राहिला तर टेकणार त्यावरच. आणि थर सगळीकडे किमान मिमीभर हवा. कागदाएवढा पातळ थर पुढे तुटतो.

चौकट | सोमवार, रात्री ८.१५

एक विषय राहिला: ॲल्युमिनियम. बरेच जण टूलिंग प्लेट घेतात. ओतीव असते, दोन्ही बाजू मारलेल्या येतात, ताण कमी, वजन तिसरा हिस्सा. संथफीडची प्लेट स्टीलमध्ये ३.७ किलो आहे, ॲल्युमिनियममध्ये सव्वा किलो झाली असती.

पण दोन गोष्टी. एक, आटे. रोज क्लॅम्प बदलायचे म्हणजे आटे झिजणार, स्टीलचे इन्सर्ट घालावेच लागतात. दुसरी, उष्णता. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट पसरतं. १८० मिमी प्लेट, १० अंशांचा फरक, म्हणजे दोघांत ०.०२ चा वाद. टोकांना घट्ट बांधलेली असेल तर ती स्लाइडला वाकवायला बघते. आपण आत्ता ज्यावर एवढं डोकं फोडतोय, तेच मागच्या दाराने परत.

खटपट्या | सोमवार, रात्री ८.३०

माझी ॲल्युमिनियमची आहे, चार वर्षं. मला कधी त्रास नाही.

चौकट | सोमवार, रात्री ८.३४

मोजलंय का कधी?

खटपट्या | सोमवार, रात्री ८.३६

…नाही.

जुनाबेड | मंगळवार, सकाळी ११.००

टी-स्लॉटवाल्यांसाठीही दोन शब्द. माझ्या जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडला लांबीभर टी-स्लॉट आहेत. १९४६ मध्ये आलेल्या, मायफर्ड या ब्रिटिश कंपनीच्या एमएल७ लेथलाही होते. त्या काळच्या छोट्या लेथवर लोक मिलिंग, बोरिंग सगळं लेथवरच करायचे, क्रॉस स्लाइड हेच त्यांचं टेबल. भोकं पाडायचा ताप नाही, हे खरं. पण माझ्या एका खाचेचा ओठ तुटलेला आहे, आणि तो मीच तोडला.

झालं असं. टी-नटमधून बोल्ट आरपार जात होता. मी आवळत गेलो, बोल्टचं टोक खाचेच्या तळाला टेकलं, आणि पुढे तो जॅकसारखा काम करायला लागला: तळाला दाबतोय, नटला वर ओढतोय. नट खाचेच्या ओठाला खालून रेटतोय. बीड ओढताना कच्चं. टक्क आवाज आला आणि तीन इंचाचा तुकडा हातात.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक टी-नटचा खालचा शेवटचा आटा मी सेंटर पंचने ठोकून ठेवतो. बोल्ट नटच्या खाली उतरूच शकत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

नवाभिडू | मंगळवार, सकाळी ११.२५

तुटलेल्या ओठाचा फोटो टाका ना.

जुनाबेड | मंगळवार, सकाळी ११.५०

नको. रोज बघतो तेवढं पुरे.

संथफीड | बुधवार, रात्री १०.०५

अहवाल. कोपरे हॅक्सॉने कापले (हात गेले), फेसप्लेटवर तीन पितळी चकत्यांवर बांधली. पहिली फेरी हाताने. बेडपासून चार मिमी आणि काही, मोजपट्टींचा आकडा बरोबर. पहिल्या कापाला फक्त दोन लांब कडांवर टूल लागलं आणि मधे अंगठ्याएवढा पट्टा तसाच चकचकीत राहिला. पोकळी डोळ्यांना दिसली. दोन टप्प्यांत अर्धा मिमी गेला तेव्हा सगळीकडे सारखा रंग आला. मग उलटी करून वरूनही ०.३ मारली. आता जाडी १९.२.

प्रश्न डॉवेलचा. प्लेट काढून पुन्हा बसवली तर त्याच जागी यावी म्हणून दोन पिना घालू का? आणखी भोकं पाडायला जीव होत नाही.

मोजपट्टी | बुधवार, रात्री १०.३०

स्लाइडला आहे ती गोल खाच वापरा. प्लेटच्या खाली कंपाउंडच्या खुंट्याच्याच मापाचा एक गोल खुंट बसवा, तो खाचेच्या मधल्या भोकात घट्ट सरकेल असा. मध्य पक्का झाला. आता फक्त फिरणं थांबवायचं, त्याला एक पिन पुरे, आणि ती मध्यापासून जितकी लांब तितकी चांगली. पिनच्या भोकात ०.०१ चा ढिलेपणा असला आणि पिन मध्यापासून ८० वर असली, तर प्लेटच्या टोकाला फरक तेवढाच.

पिन आंधळ्या भोकात असेल तर आत आटे असलेली घ्या, म्हणजे बोल्ट घालून उपसता येते. आणि अंगाला एक चपटी बाजू घासा. हवा कोंडली तर पिन आत जात नाही, गेली तर हळूच वर येते.

कातारी | गुरुवार, सकाळी ६.२०

पिना जागा दाखवायला असतात, जोर सोसायला नाहीत. जोर बोल्टच्या दाबाने येणाऱ्या घर्षणाने सोसला जातो. पिन बोल्ट आवळून, डायलवर प्लेटची कड लावून मगच ड्रिल आणि रीम करा. आधी पिन आणि मग जुळवाजुळव असं करणारे पुष्कळ पाहिलेत.

सहा बोल्टचे चार करा. मधले दोन कशाला? पाठीच्या सर्वांत पातळ भागावर आहेत ते.

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ९.००

काका, एक वाद घालतो. आता प्लेट जागेवर बसवून वरची बाजू लेथवरच मारून घ्यावी का? बार दोन सेंटरमध्ये, त्यात एकच टूल बाहेर काढून, खाली प्लेट क्रॉस फीडने सरकवायची. जे पृष्ठ येईल ते या लेथच्या स्वतःच्या बेडशी आणि स्लाइडशी समांतर, स्लाइडची चूकसुद्धा त्यात भरून निघते.

कातारी | गुरुवार, सायंकाळी ६.४५

टूल मध्यापासून जवळजवळ ४९ बाहेर काढावं लागेल. २५ च्या बारमधून ते दर फेरीला एकदा लोखंडावर आपटणार. चॅटरच्या लाटा उठतील आणि मग त्या घासत बसा. खालची बाजू सपाट, वरची तिच्याशी समांतर, एवढं झालं की पुरे. जॉब बसवताना शिम लागणारच आहे.

मोजपट्टी | गुरुवार, रात्री ९.१०

मी केलंय, ०.०५ च्या कापाने. लाटा आल्या नाहीत. वेळ फार लागला, हे खरं.

कातारी | गुरुवार, रात्री ९.२०

मग तुमचा लेथ माझ्यापेक्षा तरुण आहे.

संथफीड | रविवार, सायंकाळी ५.३०

आज बसवली. चारच बोल्ट. सगळ्या भोकांना काउंटरसिंक, दगड फिरवला, निळा लावला. बोल्टभोवती चारही ठिकाणी डाग. मधला भाग काकांनी सांगितल्याप्रमाणे खोल केला. सुई त्याच जागी लावून तिरके समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळले: आधी हलके, मग १० न्यूटन मीटर, मग २०. शेवटी सुई ०.००५ हलली. हँडल एका बोटाने फिरतं. जिब पहिल्यासारखी घट्ट आहे आणि टकटक बंद.

मोकळ्या भोकांत बिडाचा आणि स्टीलचा कीस भरतो, म्हणून प्रत्येकात छोटा ग्रब स्क्रू, पृष्ठभागाच्या अर्धा मिमी खाली. थोडं ग्रीस लावून. नाहीतर सहा महिन्यांनी तेच निघत नाहीत.

मग लगेच पंप. बॉडीच्या तळापासून बोअरचा मध्य ४१. प्लेटपासून सेंटर ४८.८. म्हणजे ७.८ ची उचल: साडेसातची पॅरलल आणि ०.३ चा शिम. बार २५ चा, बॉडीच्या लांबीच्या दुपटीहून लांब, कारण बॉडी पूर्ण एका बाजूने दुसऱ्या बाजूला जावी लागते. बोअर हवा ४३. टूलचं टोक ते बारची पाठ मायक्रोमीटरने ३४.०० मोजलं: २१.५ अधिक बारची निम्मी जाडी १२.५.

नवाभिडू | रविवार, सायंकाळी ६.०५

टेपर किती आला? तुमचा टेलस्टॉक थोडा सरकलेला आहे असं दुसऱ्या धाग्यात म्हणाला होतात.

संथफीड | रविवार, सायंकाळी ६.२०

मलाही तीच भीती होती. आला नाही. दोन्ही तोंडांना ४३.०१.

मोजपट्टी | रविवार, सायंकाळी ६.४०

येणारच नव्हता. टूल बारवर एकाच जागी आहे, बारचा अक्ष तिरका असला तरी टूल दर फेरीला तेवढंच वर्तुळ काढतं. बॉडी सरळ रेषेत सरकते. त्यामुळे भोक लांबीभर एकसारखंच. टेलस्टॉक सरकलेला असेल तर भोक किंचित लंबगोल होतं, तेही इतकं कमी की तुमच्या बोअर गेजला दिसणार नाही. चकमध्ये जॉब धरून बोअर केला असता आणि बेडला पीळ असता, तर टेपर आला असता.

चौकट | रविवार, रात्री ८.००

मस्त. एकच आठवण. आता प्लेट कंपाउंडपेक्षा रुंद आहे आणि चकच्या जवळ येते. जॉ बाहेर काढलेले असताना क्रॉस स्लाइड पूर्ण आत नेऊन, वीज बंद ठेवून, चक हाताने फिरवून बघा. जिथे जवळ येतं तिथे बेडवर स्टॉप लावा.

संथफीड | रविवार, रात्री ८.२५

बघितलं ताई. थ्री-जॉचे जॉ पूर्ण बाहेर असताना प्लेटच्या कापलेल्या कोपऱ्यापासून दोन मिमीवरून जातात. कोपरा कापला नसता तर आपटले असते. स्टॉप उद्या लावतो.

कातारीकाका, मधली दोन भोकं स्लाइडमध्ये रिकामी राहिलीत. काय करू त्यांचं?

कातारी | सोमवार, सकाळी ६.१०

ग्रब स्क्रू घाला, पृष्ठभागाच्या खाली. पाचव्याचा आटा वाकडा आहे, त्यात जास्त जोर लावू नका.